ओझ्याचे अर्थशास्त्र

(कामगारांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा संक्षेप)



कारखान्यातील अपघात म्हटला की तुटलेले बोट, भाजलेला हात किंवा फुटलेला बॉयलर आपल्या डोळ्यांपुढे येतो. हे अपघात दिसतात, त्यांची नोंद होते, त्यांवर मोर्चेही निघतात. परंतु जो अपघात घडून यायला पंधरा वर्षे लागतात, त्याची नोंद कोणत्या रजिस्टरात करायची? जड ओझी उचलता उचलता कामगाराची कंबर कायमची जाते, ती या जातीची हानी होय.

उदाहरणासाठी कोल्हापूरजवळच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगाव येथील फौंड्री व्यवसाय घ्या. वाळूने भरलेला मोल्डिंग बॉक्स मांडणे, साचा फोडून कास्टिंग बाहेर काढणे, ते घासकामाच्या जागी नेणे, ही त्या कामाची रीत आहे. मोठ्या कारखान्यात यासाठी क्रेन आणि कन्व्हेयर असतात. लहान फौंड्रीत पुष्कळदा माणसाचे हात असतात. समजा, कास्टिंग २० किलोचे आहे आणि कामगार ते मिनिटाला दोनदा उचलतो. सात तासांत ही उचल ८४० वेळा होते आणि एकूण वजन १६,८०० किलो, म्हणजे जवळजवळ सतरा टन भरते. मालाच्या वहीत टनांची नोंद असते. पाठीची वही कोणी ठेवीत नाही.

शास्त्र याविषयी काय सांगते? अमेरिकेतील व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संस्थेने १९९१ मध्ये आपले उचलण्याचे सूत्र सुधारले. सर्व परिस्थिती अनुकूल असता २३ किलो ही त्या सूत्राची मर्यादा आहे. ओझे शरीरापासून २५ सेंटिमीटरऐवजी ५० सेंटिमीटरवर धरावे लागले, तर ती निम्मी होते. दिवसभर मिनिटाला दोनदा उचलायचे असेल, तर बाकी सारे अनुकूल असूनही ती १५ किलोंवर येते. जमिनीवरून उचलणे, उचलताना कंबर पिळणे, पकड निसरडी असणे, यांनी ती आणखी उतरते. आपला २० किलोंचा नग या हिशेबात कधीच बसत नाही.

आता कारखान्याच्या भिंतीवरील फलक आठवा. ‘गुडघे वाकवा, पाठ सरळ ठेवा.’ सल्ला चुकीचा नाही. पण नगाचे वजन, तो ठेवण्याची उंची, दोन यंत्रांमधील अंतर आणि तासाचे उत्पादन यांपैकी एकही गोष्ट कामगार ठरवीत नाही. त्या सर्व मालक ठरवितो. फलक मात्र कामगाराच्या गुडघ्यांना जबाबदार धरतो. अरुंद जागेत, मुकादम डोक्यावर उभा असताना, ८४० वेळा गुडघे वाकविणारा माणूस मला दाखवा!

कायद्याची वाट पाहा. १९४८ च्या फॅक्टरी कायद्याच्या ३४ व्या कलमाने इजा होण्याचा संभव असलेले जड ओझे कोणासही उचलावयास लावू नये, असे सांगितले होते. १९६७ मध्ये आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने कमाल वजनाविषयी करार केला. भारताने त्याला २०१० मध्ये मान्यता दिली. त्यासोबतच्या शिफारशीत प्रौढ पुरुषासाठी ५५ किलोंचा आकडा आहे. त्याहून अधिक वजन जेथे उचलले जाते तेथे ते लवकरात लवकर इतके तरी खाली आणावे, हा तिचा आशय होता. आपल्याकडे मात्र बांधकाम कामगारांच्या १९९८ च्या केंद्रीय नियमांत पुरुषासाठी तोच ५५ किलोंचा आकडा मर्यादा होऊन बसला आणि स्त्रीसाठी ३० किलोंची मर्यादा आली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून श्रमसंहिता लागू झाल्या. विजेवर चालणाऱ्या कारखान्याची व्याख्या केंद्रीय कायद्यात दहा कामगारांवरून वीसवर गेली आणि सुरक्षा अधिकाऱ्याची सक्ती, धोकादायक उद्योग सोडल्यास, ५०० कामगारांपासून पुढे आहे. लहान फौंड्री या रेषांच्या अलीकडेच राहते. भरपाईस पात्र व्यावसायिक रोगांच्या यादीत शिसेबाधा आहे, सिलिकोसिस आहे, गोंगाटाने येणारा बहिरेपणा आहे; ओझ्याने झिजलेला मणका नाही.

येथे अर्थशास्त्राचा प्रश्न उभा राहतो. कार्ल विल्यम कॅप यांनी १९५० मध्ये खाजगी उद्योगाच्या सामाजिक खर्चावर ग्रंथ लिहिला. उत्पादनाचा जो खर्च मालक स्वतः सोसत नाही, तो तिऱ्हाइतावर किंवा समाजावर पडतो, हे त्याचे सूत्र आहे. चेनपुली आणि सरकता बाक यांचा खर्च मालकाच्या ताळेबंदात दिसतो. गेलेल्या कंबरेचा खर्च कामगाराच्या घरात पडतो: औषधे, बुडालेला रोज, शाळा सोडून कामाला लागलेला मुलगा. कंत्राटी पद्धतीत तर वाकलेला माणूस बदलून ताठ माणूस आणता येतो. माणूस यंत्रापेक्षा स्वस्त पडतो तो यामुळेच. ही कार्यक्षमता नव्हे. हे दुसऱ्याच्या खात्यावर केलेले उधार आहे.

ओझे हा संघटित मागणीचा विषय होऊ शकतो, हे महाराष्ट्राच्या हमालांनी दाखविले आहे. अण्णासाहेब पाटलांच्या लढ्यातून १९६९ चा माथाडी कायदा आला. पुण्यात बाबा आढावांनी हमाल पंचायत उभारली. शंभर किलोंचे पोते पन्नासचे व्हावे, ही मागणी हमालांनी लावून धरली. पोत्याचे वजन निसर्गाने ठरविलेले नसते, हे त्यांनी ओळखले होते.

कारखान्यातील संघटनांनीही हेच करावे. प्रत्येक नगावर व बॉक्सवर वजन लिहिलेले असावे. माल जमिनीवर न ठेवता कंबरेच्या उंचीवर ठेवावा. पंचवीस किलोंपुढील नगाला यंत्राचा आधार सक्तीचा असावा आणि वारंवार उचलायच्या नगाची मर्यादा त्याहून बरीच खाली असावी. कंबरेच्या तक्रारींची नोंद कंत्राटी कामगारांसह ठेवावी आणि व्यावसायिक रोगांच्या यादीत या व्याधीचा समावेश व्हावा. वेतनाच्या करारात बोनस आणि महागाई भत्त्याच्या बरोबरीने वजनाचे कलम आले पाहिजे. पगारवाढ पुढच्या करारात पुन्हा मागता येते. मणका पुन्हा मागता येत नाही.