घणघणाट आणि ठणठणाट
(ज्युबिलीनिमित्त भरलेल्या सभेंत केलेलें भाषण)



मी व्यवसायानें इंग्रजीचा शिक्षक. एकदां वर्गांत एका मुलानें विचारलें, "मास्तर, 'क्लँग' म्हणजे काय?" मीं "घणघणाट" असें सांगितलें. लागलीच त्यानें पुसलें, "मग 'क्लँक' आणि 'क्लिंक' म्हणजे?" त्याचें उत्तर आज आपल्या देवळाच्या घंटेच्या साक्षीनें द्यावें, असा माझा मानस आहे.

धातूवर आघात झाला कीं नाद उठतो; पण तो कसा उठतो आणि किती टिकतो, यावर शब्द ठरतो. 'क्लँग' हा मोठा, घुमत राहणारा नाद; लॅटिन भाषेंत 'क्लांगेरे' म्हणजे दुमदुमणें. 'क्लँक' घुमत नाहीं; साखळदंड दगडावर आपटावा तसा तो जागींच विरतो. 'क्लिंक' ही पेल्यास पेला लागतांच होणारी किणकिण. स्वर बारीक झाला कीं नादही बारीक होतो. आपल्या 'घणघण' आणि 'किणकिण' या शब्दांतही हेंच दिसतें.

घंटेसाठीं इंग्रजीनें निराळे शब्द राखून ठेवले आहेत. 'पील' म्हणजे आनंदाचा घंटानाद. तो 'अपील' या शब्दाचेंच आंखूड रूप, म्हणजे मुळांत ती हांक आहे. 'टोल' म्हणजे सावकाश पडणारा एकेक ठोका, आणि 'नेल' म्हणजे मृत्यूची घंटा. एकच घंटा, एकच दोर. पण लग्नाला ती एक शब्द बोलते व प्रेतयात्रेला दुसरा.

ही घंटा होते कशाची? सुमारें ७८ भाग तांबें आणि २२ भाग कथील यांची. दोन्ही धातू एकेकटे मऊ. परंतु एकत्र वितळले म्हणजे कठीण आणि नादमधुर होतात. ज्युबिलीच्या दिवशीं धर्मग्रामानें मनांत ठेवावी अशीच ही गोष्ट आहे.

१७३९ सालीं वसई मराठ्यांनीं जिंकली, तेव्हां तेथील घंटा दूरदूरच्या मंदिरांत गेल्या. नाशिकची नारोशंकराची घंटा त्यांपैकींच. तिच्यावर १७२१ हें साल आहे. स्थान पालटलें, पण हांक मारण्याचा तिचा धर्म सुटला नाहीं.

आतां शेवटचें. संत पौलानें करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या १३ व्या अध्यायांत प्रीतिहीन वक्त्यास झांजेची उपमा दिली आहे. १६११ च्या इंग्रजी भाषांतरांत ती झांज नुसती किणकिणते. १८८१ च्या सुधारलेल्या भाषांतरांत ती 'क्लँग' करते. दुसरा शब्दच मुळाला धरून आहे, कारण मूळ ग्रीक शब्द रणघोषाच्या आरोळीचा आहे. परंतु मला वाटतें, आपली मराठी येथें दोघांच्याही पुढें गेली आहे. आपण 'ठणठणाट' म्हणतों तेव्हां त्यांत आवाज आहे आणि रितेपणाही आहे. प्रीतीवांचून बोललेल्या शब्दाला याहून नेमकें नांव कोणतें?

आपली घंटा घणघणत राहो, आणि आपल्या अंतःकरणांत ठणठणाट नसो, एवढें मागून मी आपली रजा घेतों.