बाथरूम नवं करताना

तीस-पस्तीस वर्षं जुन्या फ्लॅटचं बाथरूम नवं करायचं ठरलं की नवराबायको आधी टाइल्सच्या दुकानात जातात. खरं तर आधी खालच्या मजल्यावर जावं आणि शेजाऱ्यांच्या छताला ओल आहे का, ते बघावं. ओल असेल तर पैसा आधी वॉटरप्रूफिंगला. टाइल्सच्या रंगावरून भांडायला पुढे वेळ आहे. वॉटरप्रूफिंग झालं की न्हाणी ट्रॅपचं तोंड बंद करून पाणी किमान 24 तास, जमल्यास 48 तास तुंबवून ठेवा. मिस्त्री घाई करेल, करू द्या. खाली थेंबही उतरला नाही, तरच फरशी बसवा.

ओल नसेल तर फोडाफोड कशाला? भिंतीच्या टाइल्स ठोकून बघा. पोकळ आवाज आला नाही, तर त्यांच्यावरच टाइल अॅडेसिव्हने नव्या बसतात. साधं सिमेंट तिथे धरत नाही. गंजलेले जीआय पाइप मात्र काढाच; गरम पाण्यासाठी सीपीव्हीसी चालतो. कमोडची जागा बदलू नका, खर्च तिथेच फुगतो. आणि हो, सोसायटीला आधी लेखी कळवा. राडारोडा जिन्यात पडला की कटकटी सुरू होतात.