घरातली चक्री करवत



वसंत व्याख्यानमालेत करवतीला काय स्थान, असे कोणाच्या मनात आले असेल. पण अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड या आपल्या उपनगरांत एखाद्या बिऱ्हाडात सुतारकाम चाललेले नाही अशी इमारत विरळाच. शिवाय निवृत्तीनंतर गॅलरीच्या कोपऱ्यात हौसेने यंत्र मांडणारे गृहस्थही आहेत. म्हणून हा विषय घरचाच आहे.

चक्री करवत म्हणजे टेबलाच्या फटीतून वर आलेले, विजेवर फिरणारे गोल पाते. 10 इंची पाते मिनिटाला 4000 फेरे घेत असेल, तर त्याच्या दात्यांचा वेग ताशी सुमारे 190 किलोमीटर होतो. आपली विरार फास्टही इतकी धावत नाही. पात्याला 40 दाते धरा. चटका लागून माणूस हात मागे घेतो त्याला सेकंदाचा पाचवा हिस्सा तरी लागतो, आणि तेवढ्यात 500 हून अधिक दाते तेथून निघून गेलेले असतात. तेव्हा 'मी लक्ष ठेवून काम करतो' हे उत्तर अपुरे आहे. लक्ष हवेच, पण लक्षाचा वेग पात्याच्या वेगाला पुरत नाही.

दुसरा धोका उसळीचा. पात्याची पुढची बाजू लाकूड खाली दाबते, मागची बाजू वर उचलते. पावसाळ्यात ओल धरलेली किंवा पीळ असलेली फळी कापता कापता मिटू लागते व पात्याला मागून चिमटा घेते. मग मागचे दाते ती फळी उचलून कापणाऱ्याच्या अंगावर भिरकावतात, आणि फळीवरचा हात पात्याकडे ओढला जातो. यावर उपाय साधा आहे. पात्याच्या मागे, त्याच्या रेषेत एक पोलादी पट्टी उभी असते. ती चीर मिटू देत नाही. पुष्कळजण आडवी येते म्हणून हीच पट्टी पहिल्यांदा काढून टाकतात!

आपल्याकडे तर याहून बिकट प्रकार चालतो. हातात धरावयाचे कटर उलटे करून प्लायवूडच्या फळीखाली स्क्रूने आवळतात. झाले टेबल तयार. त्याला ना झाकण, ना मागची पट्टी. बटण कित्येकदा दाबून बांधून ठेवलेले, म्हणजे वेळ आली तर बंद करण्यासाठी टेबलाखाली वाकावे लागणार.

यावर कायदा नाही काय? आहे. 1948 च्या कारखाना कायद्याच्या 21 व्या कलमाने यंत्राच्या धोकादायक भागांना संरक्षक आवरण सक्तीचे केले. पण कारखाना कोणता? मूळ व्याख्येत विजेवर चालणारा आणि किमान 10 कामगारांचा. 2020 च्या संहितेत ही संख्या 20 झाली. आपल्या दिवाणखान्यात दोन मिस्त्री आणि एक पोऱ्या असतो. तेथे कारखाना-निरीक्षक येत नाही. ते काम घरमालकाचे आहे.

अमेरिकेत स्टीव्ह गास यांनी 1999 साली एक युक्ती शोधली. पात्यात सूक्ष्म विद्युत्-संकेत सोडलेला असतो. शरीराचा स्पर्श होताच तो बदलतो आणि ॲल्युमिनियमचा ठोकळा पात्यात घुसून 5 सहस्रांश सेकंदाच्या आत ते थांबवतो. पण असे यंत्र महाग असते. आपल्या हातातल्या गोष्टींना मात्र फारसा खर्च नाही.

पात्यावरचे झाकण व मागची पट्टी काढू नका. पाते लाकडाच्या किंचितच वर ठेवा. फळी बाजूच्या सरळ पट्टीला टेकवूनच सरकवा. नुसत्या हाताने तोलून कापू नका. अरुंद तुकडा बोटांनी नव्हे, काठीने ढकला. पात्याच्या सरळ रेषेत उभे राहू नका. हातमोजे, सैल बाह्या, ओढणी, साखळी यंत्राजवळ नकोत, चष्मा हवा. ओशिवऱ्याच्या बाजारातून जुने सागवान आणलेत, तर आधी लोहचुंबक फिरवून खिळे शोधा. पाते बदलताना प्लग काढा. वीज गेली तर बटण बंद करा. नाहीतर ती परत येताच यंत्र आपोआप सुरू होईल.

आणि अपघात झालाच तर? स्वच्छ कपड्याने जखम घट्ट दाबा, हात उंच धरा, 108 ला फोन करा. बोट तुटले असेल तर ते ओलसर स्वच्छ कपड्यात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत घाला आणि ती पिशवी बर्फात ठेवा. बोट थेट बर्फावर ठेवू नका. बोट जोडणारे शल्यविशारद जवळ कोठे आहेत, हे आजच विचारून ठेवा.

शेवटी एकच विनंती. आपल्या घरी येणाऱ्या मिस्त्रीशी आपण मजुरी ठरवतो, सनमायकाचा रंग ठरवतो, काम कधी संपणार हे दहादा विचारतो. त्याच बैठकीत एक वाक्य अधिक बोला : "मिस्त्री, माझ्या घरात झाकणाशिवाय करवत चालणार नाही, त्यापायी दोन दिवस जास्त लागले तर त्यांची मजुरी मी देईन." त्याचे पोट त्याच्या दहा बोटांवर आहे. घाई आपली आणि बोटे त्याची, हा व्यवहार न्यायाचा नव्हे.