चष्म्याचे घर

श्रोतेहो, बीड जिल्ह्यातला आमचा नारायणगड म्हणजे धाकटी पंढरी. आषाढी एकादशीला गडावर माणसांची रीघ लागते. काही वर्षांपूर्वी त्या गर्दीत एका वृद्ध गृहस्थांनी मला हाक मारली. मी शिवलेले चष्म्याचे चामडी घर त्यांनी पुढे धरले. घर धड होते, आतल्या चष्म्याची काडी मात्र मोडली होती. ‘‘पोरा, हाताला मऊ लागतंय, पण घरानं भार सोसायला नको का?’’ एवढेच ते म्हणाले. पैसे देऊ केले, तर त्यांनी घेतले नाहीत.

चूक शिलाईत नव्हती, चामड्यात होती. मी मऊपणालाच सफाई समजत होतो. बाजारातले मऊ चामडे बहुधा क्रोमच्या क्षारांनी कमावलेले असते. त्याची कमावणी दिवसा-दोन दिवसांत उरकते. पर्सला ते उत्तम; पण भिजवून साच्यावर कितीही दाबा, वाळले की पुन्हा सैल पडते.

बाभळीची साल आणि हिरडा यांच्या पाण्यात कमावलेल्या चामड्याची गोष्ट निराळी. त्याला कित्येक आठवडे लागतात. सालीतला तुरट अंश कातड्याच्या तंतूंना घट्ट धरतो. असे चामडे ओले असताना वळते आणि वाळल्यावर घेतलेला आकार सोडत नाही. कोल्हापुरी चपलेचा ताठपणा याच कमावणीतून येतो. 2019 मध्ये या चपलेला भौगोलिक मानांकन मिळाले. त्यात महाराष्ट्राचे चार आणि कर्नाटकाचे चार जिल्हे आहेत.

मी पुन्हा बसलो. या खेपेला पाठीकडचे चामडे घेतले, कारण पोटाकडचे ताणते. जाडी साधारण दोन मिलिमीटर. चष्म्याहून किंचित मोठा लाकडी ठोकळा केला. चामडे कोमट पाण्यात भिजवून त्यावर दाबून बसवले आणि सावलीत वाळू दिले. पाणी फार गरम झाले, तर चामडे आकसते आणि ठिसूळ होते. कडक उन्हात घाईने वाळवले, तर तडे जाण्याची भीती.

नंतर तेलाचा हात, तोही अगदी पातळ. तेल जास्त झाले, की मिळवलेला ताठपणा गेलाच! शेवटी कडा. रापीने सारख्या करायच्या, पॉलिशपेपर फिरवायचा, किंचित ओलसर करून गुळगुळीत लाकडाने घोटायच्या आणि वर मेणाचा हात द्यायचा. घोटलेली कड चटकन उसवत नाही, ओलही कमी धरते.

पुढच्या आषाढीला नवे घर घेऊन गेलो. आजोबांनी ते अंगठ्याने दाबून पाहिले, चष्मा आत ठेवला आणि किंमत विचारली. ऐकून म्हणाले, ‘‘महाग आहे.’’ मी म्हणालो, ‘‘आजोबा, यात चामड्यापेक्षा दिवस जास्त लागलेत.’’ ते हसले आणि या वेळी मात्र त्यांनी पैसे मोजून माझ्या हातावर ठेवले.

श्रोतेहो, हातचे चामडी घर घ्याल, तेव्हा आधी कड पाहा. आत पुठ्ठ्याचा थर दिसला, तर ताठपणा पुठ्ठ्याचा आहे. मग अंगठ्याने दाबा. दबून पुन्हा पूर्वीसारखे झाले, तर ते चष्मा सांभाळील. आणि किंमत विचारताना कारागिराचे किती दिवस त्यात गेले, तेही एकदा विचारा.