टायटनवरच्या नद्या : अध्यक्षीय भाषण

शनीच्या टायटन या उपग्रहावर नद्या आहेत आणि त्यांतून वाहतो तो द्रवरूप मिथेन, थोड्याफार इथेनसह. पाऊस पडावा, त्याची नदी व्हावी आणि ती समुद्राला मिळावी, हे सूर्यमालेत आज पृथ्वीखेरीज फक्त तिथेच घडते. वर्तमानपत्रे हौसेने त्यांना ‘पेट्रोलच्या नद्या’ म्हणतात. ते चूक आहे. मिथेन म्हणजे गोबरगॅसमधला, दलदलीतून बुडबुडत वर येणारा, मुंबई हायवरून नळांवाटे उरणला पोहोचणारा वायू. रायगडकरांना तो परका नाही, परकी आहे ती थंडी. साध्या दाबाखाली मिथेन उणे १६१ अंशांच्या खाली द्रव होतो आणि उणे १८२ अंशांच्या आसपास गोठतो. टायटनच्या पृष्ठभागाचे तापमान उणे १७९ अंश, म्हणजे या अरुंद फटीत नेमके बसणारे.

या नद्यांखालचा खडक पाण्याच्या बर्फाचा आहे. इतक्या थंडीत बर्फ दगडासारखाच कठीण होतो. १४ जानेवारी २००५ रोजी हायगेन्स हे यान छत्रीच्या आधाराने तिथे उतरले. उतरताना त्याने फांद्या फुटलेले ओढे टिपले, आणि जमिनीवरून पाठवलेल्या चित्रात सुमारे ३ ते १५ सेंटिमीटरचे गोलसर खडे दिसले. कर्जतकडच्या पोशीर नदीच्या पात्रात उन्हाळ्यात उघडे पडणारे काळे गोटे ज्याने पाहिले आहेत, त्याला त्या चित्राचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. पोशीरचे गोटे बेसाल्टचे, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे, तिकडचे बर्फाचे. कडा झिजवण्याचे काम दोन्हीकडे वाहत्या द्रवानेच केले.

कामाची गती मात्र निराळी. टायटनचे गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या सुमारे सातव्या हिश्श्याइतके आणि हवा दाट, त्यामुळे पावसाचे टपोरे थेंब सावकाश, तरंगत खाली येतात. मिथेन पाण्याच्या निम्म्याहूनही हलका. प्रवाहाला जोर कमी, पण बर्फाचे खडेही हलके, म्हणून ते वाहून जातात. कर्जतला पावसाळा चार महिन्यांचा आणि दर वर्षी ठरलेला. शनीला सूर्याभोवती फिरायला साडेएकोणतीस वर्षे लागतात, तेव्हा टायटनवरचा एकेक ऋतू सात वर्षांहून मोठा. विषुववृत्ताजवळ तर बहुतेक काळ कोरडाच. २०१० साली तिथे मोठे वादळ झाले आणि त्यानंतर जमिनीचा विस्तीर्ण पट्टा काळवंडलेला दिसला. तो ओला झाला असावा, हाच सरळ अर्थ.

खरी श्रीमंती उत्तर ध्रुवाकडे. तिथली विड फ्लुमिना ही नदी चारशे किलोमीटरहून लांब असून लायजिया मारे या समुद्राला मिळते. उल्हास, जिला पोशीर मिळते, ती उगमापासून वसईच्या खाडीपर्यंत साधारण १२० किलोमीटर. टायटनभोवती नारिंगी धुरके कायम दाटलेले, म्हणून शनीभोवती फिरणाऱ्या कॅसिनी यानाला रडारने चाचपावे लागले. २०१३ च्या मोजणीत विडच्या दऱ्या एक किलोमीटरहूनही अरुंद, काठ चाळीस अंशांहून उभे आणि खोली काही ठिकाणी ५७० मीटरपर्यंत, असे निघाले. तळाशी द्रव होता, आणि मुखाकडे त्याची पातळी समुद्राइतकीच. कोकणातल्या माणसाने त्याला बिनदिक्कत खाडी म्हणावे. एवढी खोल दरी कोरली जायची तर जमीन वर उचलली गेली असेल किंवा समुद्र कधीतरी उतरला असेल. नंतर तो चढून मुखात शिरला असेल.

त्रिभुज प्रदेश मात्र टायटनवर फार थोडे. सह्याद्रीच्या पश्चिमेच्या नद्याही ते करत नाहीत, पण इथे उतार, भरती-ओहोटी आणि बुडालेली मुखे ही कारणे सांगता येतात. तिथला गाळ कुठे जातो, याचे पटणारे उत्तर अजून मिळालेले नाही.

दुसरा प्रश्न मिथेनच्या पुरवठ्याचा. सूर्यप्रकाश हवेतल्या मिथेनचे रेणू सतत तोडतो. काही कोटी वर्षांत साठा संपला असता. म्हणजे तो आतून कुठून तरी भरला जात असणार. कॅसिनी १५ सप्टेंबर २०१७ रोजी शनीच्या वातावरणात जळून गेले. पुढची ड्रॅगनफ्लाय मोहीम २०२८ मध्ये निघून २०३४ मध्ये पोहोचायची आहे. पंख्यांवर उडणारे हे यान उतरणार विषुववृत्ताजवळच्या टेकाडी वाळवंटात. उत्तरेच्या वाहत्या नद्या त्याच्या वाटेत येणार नाहीत.