लाइकची मोजणी आणि अष्ट लोकधम्म



यंदाच्या व्याख्यानमालेचे वक्ते ठरवण्यासाठी कार्यकारिणी बसली होती. एका अभ्यासू प्राध्यापकांचे नाव निघताच आमच्यापैकीच कोणी विचारले, "त्यांचे फॉलोअर्स किती?" त्यांची पुस्तके किती, हे कोणी विचारले नाही. आम्हीही गप्प राहिलो. म्हणून आजचा विषय आम्ही आधी स्वतःसाठीच घेतला आहे.

फेसबुकवर लाइकचे बटण २००९ साली आले. त्याच्या आदल्या वर्षी अमेरिकेत क्लाउट नावाची कंपनी निघाली होती. ट्विटर, फेसबुकवरील वावर पाहून ती माणसाला १ ते १०० पैकी गुण देई. गायक जस्टिन बीबर यांना काही काळ पूर्ण १०० गुण होते आणि राष्ट्राध्यक्ष ओबामा त्यांच्या खाली! हसू येते खरे. पण पंधरा वर्षांचा अनुभव असलेल्या एका उमेदवाराची नोकरी हे गुण कमी म्हणून हुकली, ही हकीकत 'वायर्ड' मासिकाने २०१२ साली छापली. त्यापूर्वी ऑक्टोबर २०११ मध्ये कंपनीने मोजण्याची रीत बदलली आणि अनेकांचे गुण एका रात्रीत घसरले. माणसे तीच, त्यांचे काम तेच, तरी लोक हवालदिल झाले. मे २०१८ मध्ये कंपनीच बंद पडली. मोजण्याची सवय मात्र आपल्या खिशात राहिली.

आम्ही बँकेत दिवसभर आकडेच पाहतो. तिथे संध्याकाळी रोकड जुळली की माणूस निर्धास्त घरी जातो. लाइकच्या खात्याला अखेरची शिल्लक नसते. शंभर आले तर शेजाऱ्याला दोनशे का, आणि उद्या नव्वदच आले तर आपले काय चुकले?

तथागतांनी अंगुत्तर निकायात आठ लोकधम्म सांगितले आहेत: लाभ-अलाभ, यश-अयश, निंदा-प्रशंसा, सुख-दुःख. ते जोडीनेच येतात. आपण प्रशंसा तेवढी घरात घेऊ पाहतो आणि तिच्या जोडीदारासाठी दार लावून बसतो.

पण केवळ तरुणांना दोष देणे आम्हास मान्य नाही. ज्या समाजाला शतकानुशतके कोणी खिजगणतीत धरले नाही, त्याला आपली गणती व्हावीशी वाटणारच. वर्तमानपत्रांनी न छापलेले आपले प्रश्न याच माध्यमांतून जगापुढे गेले, हेही खरे. गणती प्रश्नाची व्हावी; ती माणसाच्या लायकीची होते तेव्हा घात होतो.

आपल्या अभ्यासिकेतील एका मुलीने स्पर्धा परीक्षेची पूर्वपरीक्षा उत्तीर्ण झाल्याचा फोटो टाकला. तासाभरात अकराच लाइक आले, म्हणून तिने तो काढून टाकला. दोन वर्षांची मेहनत, आणि तिला लाज वाटली! आम्ही कोणीच तिला प्रत्यक्ष भेटून अभिनंदन केले नव्हते. दोष मोबाइलचा, पण थोडा आमचाही.

इन्स्टाग्रामने २०२१ पासून लाइकचा आकडा झाकण्याची सोय दिली आहे. ती वापरावी. त्या मुलीचा फोटो आता अभ्यासिकेच्या भिंतीवर आहे, खाली तिने वाचलेल्या पुस्तकांची यादी. नवी मुले तिला थांबवून विचारतात, "ताई, इतिहासाची टिपणे देता का?"