कोर्टाचा कागद, चर्चचा कागद

मागच्या महिन्यात वसईची एक मैत्रीण भेटली. कोर्टातून घटस्फोट झालाय, आता दुसरं लग्न करायचंय. फादर म्हणाले, "चर्चच्या लेखी तू अजून विवाहितच आहेस." रडवेली झाली होती.

असं का? मार्कच्या 10व्या अध्यायात येशू सरळ सांगतो, बायको सोडून दुसरी करणं हा व्यभिचार. मत्तय 19 मध्ये मात्र एक अपवाद आहे, अनैतिक वर्तनाचा. बऱ्याच प्रोटेस्टंट मंडळ्या त्यावरून पुनर्विवाहाला वाट देतात. कॅथलिक चर्च देत नाही. तिथे असतं ते अ‍ॅनलमेंट. म्हणजे लग्न मोडलं असं नाही, ते मुळात वैध झालंच नव्हतं. संमती जबरदस्तीची होती, असं काहीतरी चर्चच्या ट्रिब्युनलपुढे सिद्ध करावं लागतं. (आमच्या भाषेत अनइन्स्टॉल नाही, इन्स्टॉलच फेल!) मुलं त्यामुळे अनौरस ठरत नाहीत, तिला तीच भीती होती. पूर्वी दुसऱ्या ट्रिब्युनलचा दुजोराही लागायचा. 2015 मध्ये पोप फ्रान्सिस यांनी ती अट काढली.

उलट, नुसतं अ‍ॅनलमेंट कायद्याला चालत नाही, हे सुप्रीम कोर्टाने 2017 मध्ये स्पष्ट केलंय. म्हणजे तिला दोन्ही कागद हवेत.

आणि हो, फक्त घटस्फोट झाला म्हणून कम्युनियन बंद होत नाही. हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं! दोन वर्षं बिचारी मिस्साला मागच्या बाकावर बसून राहिली. आता ट्रिब्युनलचा अर्ज लिहायला घेतलाय. या रविवारी रांगेत उभी राहते म्हणाली.